दिव्याचे पैसे वेगळे!

दिवाळीच्या अंकात दिव्यावर लिहावे, यात नवल ते काय? पण मी ज्या दिव्याविषयी लिहिणार आहे तो तुळशीपुढचा नव्हे, आकाशकंदिलातला नव्हे आणि देवळाच्या दीपमाळेवरचा तर नव्हेच नव्हे. तो आहे सायकलच्या हँडलवर बसवायचा, मुठीएवढा, विजेवर भरून घ्यायचा दिवा. विषय क्षुल्लक वाटेल. सणासुदीला काही तरी गोड लिहावे, असे घरच्या मंडळींनी सुचवूनही पाहिले. परंतु गोड लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे लिहिणे फराळाबरोबर संपूनही जाते. मला थोडे तिखट लिहायचे आहे. वाचकांनी ते चिवड्यातल्या मिरचीसारखे बाजूला काढून ठेवू नये, एवढीच विनंती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दिवा हा सायकलचा अवयव आहे, दागिना नव्हे. तो सायकलबरोबर, सायकलच्याच किमतीत, पक्का बसवून मिळाला पाहिजे; आणि तो असा असला पाहिजे की त्याने आपला रस्ता दिसावा, आपण इतरांना दिसावे आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपू नयेत. बस्स! एवढ्या साध्या मागणीसाठी लेख लिहावा लागतो, यातच आपल्या शहाणपणाची परीक्षा होऊन गेली.

आता सायकलच्या दुकानात चला. दुकानदार मोठ्या हौसेने सायकल दाखवील. घंटी आहे, स्टँड आहे, मडगार्ड आहे, साखळीवर झाकण आहे, पाण्याची बाटली अडकवायला कडीसुद्धा आहे. दांडीवर वाघाचे किंवा विजेच्या लोळाचे चित्र आहे. मग तुम्ही भीतभीत विचारता, "आणि दिवा?" त्यावर तो तुमच्याकडे असे पाहतो, की जणू तुम्ही नवरीबरोबर नवरीची सावलीही मागितली! "दिव्याचे पैसे वेगळे, साहेब." म्हणजे चित्र किमतीत आहे, उजेड किमतीत नाही. दिवसा जे दिसते ते फुकट, आणि रात्री दिसायचे असेल तर वेगळे पैसे मोजा.

याच्या उलट मोटारसायकलीचे पाहा. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारसायकलींचा आणि स्कूटरींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. तो बंद करायचे बटनच नसते. भर दुपारी बारा वाजता, वैशाखाच्या उन्हातही तो जळत असतो. हेतू चांगला आहे: इतरांना गाडी लवकर दिसावी. मला त्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की ज्या सरकारला मोटारसायकल दिवसाउजेडी दिसत नाही अशी काळजी वाटते, त्याच सरकारला सायकल अंधारात दिसते असे कोणी सांगितले? एकीला दिवसाही दिवा आणि दुसरीला रात्रीही नाही, हा कुठला न्याय?

"पण आता सायकल चालवतो कोण?" असे एक पालुपद नेहमी ऐकू येते. ते म्हणणारे गृहस्थ बहुधा रात्री साडेनऊला दूरदर्शनसंचापुढे बसलेले असतात. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल होती. आणि शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी शंभरात तेरा माणसे सायकलवरून जात होती. त्यानंतर मोटारसायकली वाढल्या हे खरे. पण ज्याला ती परवडली नाही त्याची सायकल काही अदृश्य झालेली नाही. किंवा असे म्हणा, की दिव्याअभावी ती फक्त रात्रीची अदृश्य होते!

मी राहतो त्या इचलकरंजीच्या परिसरात या आणि कोण चालवतो ते पाहा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथे रात्र अशी पूर्ण झोपलीच नाही. मागावरच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. कबनूर, कोरोची, चंदूर, रुई, तारदाळ, यड्राव या बाजूंनी माणसे येतात आणि जातात. पाळी सुटली की कपड्यांवर, केसांवर, भुवयांवर कापसाची कीस बसलेली माणसे सायकलवर टांग टाकतात. गावातले विजेचे खांब संपले की दोन्ही बाजूंना उभा ऊस. उसातल्या रस्त्याचा अंधार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना तो शब्दांनी सांगता येणार नाही. आभाळाची पट्टीसुद्धा वरून अरुंद होते. त्यातून गळिताचा हंगाम म्हणजे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्यांची रांग, वाटेवर सांडलेली उसाची कांडकी आणि साइडपट्टीला पडलेले चर. या रस्त्याने माणूस जातो कसा? सदऱ्याच्या खिशात मोबाइल उभा ठेवून त्याचा टॉर्च लावतो. तो टॉर्च अर्धा रस्त्यावर आणि अर्धा त्याच्याच हनुवटीवर पडतो. काही जण एका हातात मोबाइल आणि एका हातात हँडल असे जातात. खड्डा आला की ब्रेक दाबायला हात एकच उरतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मागच्या हंगामात असेच घरी येत होते. पाठीमागून मोटारसायकल आली. मांडीचे हाड मोडले, चार महिने माग बंद आणि मागाबरोबर मजुरीही बंद. मुलगा शाळेऐवजी कांड्या भरायला जाऊ लागला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो मोटारसायकलवालाही तिथे होता. माणूस वाईट नव्हता. स्वतःहून त्यांना रिक्षात घालून त्यानेच आणले होते. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "दिसलेच नाहीत हो!" आणि भेटायला आलेला प्रत्येक शहाणा माणूस खाटेजवळ वाकून विचारत होता, "दिवा नव्हता ना सायकलला?" जणू काही त्या बापड्याने पुढचा-मागचा दिवा मुद्दाम उपटून विहिरीत टाकला होता! सायकल विकणाऱ्याला हे कोणी विचारले नाही. सायकल बनवणाऱ्याला कोणी विचारले नाही. प्रश्न खाटेवरच्याला. आपल्याकडे प्रश्न नेहमी जो आडवा पडलेला असतो त्यालाच विचारतात. उभ्या माणसाला विचारण्याची आपल्याला रीतच नाही.

ही एकट्याची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांतले सगळेच काही अंधारामुळे गेले नसतील. पण जे अंधारात गेले त्यांच्याविषयीही पंचनाम्याच्या शेवटी "दिसले नाहीत" हेच वाक्य असणार.

इथे एखादे अभ्यासू गृहस्थ बोट वर करतील. "परावर्तक असतात की सायकलला! सरकारने त्यासाठी २०२० मध्ये गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेशही काढला आहे." होय, काढला आहे, आणि चांगले केले आहे. चाकाच्या तारांत, पेडलवर, मागच्या मडगार्डवर हे लाल-पिवळे तुकडे असतात. आमच्याकडे त्यांना सरसकट 'रेडियम' म्हणतात. पण परावर्तकाचा उजेड हा उसना उजेड आहे. ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेला तो परत पाठवतो, एवढेच त्याचे काम. मोटारीचा झोत नेमका त्याच्यावर पडला तर तो चमकेल. आडव्या रस्त्याने येणाऱ्याचा झोत त्याच्यावर वेळेवर पडेलच असे नाही. समोरून बिनदिव्याची दुसरी सायकल आली तर दोघांचेही रेडियम निमूटपणे अंधारात बसून राहील. पायी जाणाऱ्या म्हातारीला तो दिसणार नाही. आणि स्वाराच्या पुढ्यातला खड्डा? तो तर परावर्तकाने जन्मात कधी दाखवलेला नाही. सावकाराच्या पैशावर संसार चालत नाही, तसा दुसऱ्याच्या दिव्यावर आपला रस्ता चालत नाही.

दुसरे एक औषध आपल्याकडे जुने आहे: दंड. वडीलधारी माणसे अजून सांगतात, की पूर्वी संध्याकाळी चौकात पोलीस उभा असे आणि बिनदिव्याची सायकल दिसली की चाकाची हवा सोडत असे. दिवा नाही म्हणून हवा काढली. दिवा काही आला नाही, हवा मात्र गेली! मग तो माणूस त्याच अंधारातून सायकल ढकलत, अधिक हळू, अधिक वेळ रस्त्यावर राहून घरी जाई. याला सुरक्षितता म्हणायचे असेल तर उपाशी माणसाला जेवला नाही म्हणून उठाबशा काढायला लावणे याला अन्नदान म्हणावे लागेल. आजही "बिनदिव्याच्या सायकली पकडा" असे म्हणणारे निघतील. त्यांना माझे सांगणे आहे: आधी दिव्याची सायकल विका, मग बिनदिव्याची पकडा.

बरे, हा दिवा काही दुर्मिळ पदार्थ आहे काय? एके काळी होता. रॉकेलचा दिवा वाऱ्याने विझे. कार्बाइडच्या दिव्यात थेंब थेंब पाणी सोडून वायू पेटवावा लागे आणि त्याला उग्र वास येई. मग टायरला घासणारा डायनामो आला. आमच्या लहानपणी वडिलांच्या सायकलला तो होता. सहा व्होल्ट, तीन वॅट; लावला की सायकल जड होई, घर्रर्र असा आवाज करी, चढावर मिणमिणे आणि माणूस थांबला की दिवाही थांबे. म्हणजे चौकात उभे राहिल्यावर, जेव्हा दिसण्याची खरी गरज, तेव्हाच अंधार!

आजच्या भरून घ्यायच्या दिव्यात हे काही नाही. त्या मुठीएवढ्या डबीत दोन नोबेल पारितोषिके बसलेली आहेत. तिचा पांढरा प्रकाश ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाला, तो शोधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे पारितोषिक मिळाले. आणि ती ज्यावर चालते त्या लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ती आपल्या खिशात आली, मनगटावर आली, मुलांच्या खेळण्यांत आली. फक्त मागावरून घरी जाणाऱ्याच्या हँडलवर यायला तिला वेळ झाला नाही.

खर्चाचा हिशेब मी शाळामास्तर असल्यामुळे फळ्यावर मांडल्यासारखा मांडतो. या दिव्यात बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा एक सेल असतो. मध्यम प्रतीच्या सेलमध्ये साधारण नऊ वॅट-तास वीज मावते. दोन वॅटचा दिवा लावला तर उसातल्या रस्त्यालाही पुरेल असा, म्हणजे दोनशे ल्यूमेनच्या आसपास, उजेड चार तास मिळतो. भरताना थोडी वीज वाया जाते असे धरले तरी एका युनिटात तो सत्तर-ऐंशी वेळा भरतो. रोज तासभर रस्ता धरला, तर एका युनिटात जवळजवळ कामाचे सबंध वर्ष उजळून निघते! शंभर वॅटचा जुना बल्ब दहा तासांत जी वीज खाऊन टाकतो, तेवढीच ही. आणि बरा दिवा मिळतो तीन-चारशे रुपयांत. पाच-सहा हजारांच्या सायकलीत तेवढी रक्कम मिसळली तर कोणता कारखाना बुडणार आहे? एकेक दिवा किरकोळीने घेणाऱ्याला जो भाव पडतो, तो लाखांनी घेणाऱ्या कारखान्याला पडणार नाही, हे तर चौथीतल्या मुलालाही कळते.

"दिवा चोरीला जातो हो!" ही शेवटची सबब. जातो, कारण तो रबराच्या पट्ट्याने बांधलेला असतो आणि कोणीही तो दोन बोटांनी काढू शकतो. घंटी का नाही चोरीला जात? ती बोल्टाने आवळलेली असते म्हणून. दिवाही तसाच आवळा. भरायची तार जागेवर लावता येईल अशी सोय ठेवा. जी अक्कल घंटीला लावली तीच दिव्याला लावायची आहे, नवी नको.

आता नाण्याची दुसरी बाजू. कारण मी केवळ गरिबांचा कैवार घेऊन थांबणार नाही. गेल्या काही वर्षांत शहरांतून हौशी सायकलस्वारांची एक नवी जमात निर्माण झाली आहे. सायकलला नवे मित्र मिळाले याचा मला आनंदच आहे. पण यांतल्या काही मंडळींच्या हँडलवर जो दिवा असतो तो दिवा नव्हे, दरोडा आहे. समोरून आला की क्षणभर जग पांढरे होते आणि पुढचे दहा पावले काळे. त्यात तो मिचमिचणारा असला तर विचारूच नका. तो किती लांब आहे याचा अंदाजच लागत नाही. कोणी काही म्हटले तर उत्तर तयार: "मोटारवाले नाही का आमचे डोळे फोडत?" फोडतात, आणि ते पापच आहे. पण एकाने चोरी केली म्हणून दुसऱ्याने करावी, हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे? शिवाय तुमच्या झोताने आंधळा होतो तो काचेआडचा मोटारवाला कमी, आणि समोरून खिशात मोबाइल घालून येणारा तो मागवाला अधिक.

अशा दिव्यांच्या खोक्यांवर जे छापलेले असते ते वाचून तर हसावे की रडावे कळत नाही. "दहा हजार ल्यूमेन!" आणि आत सेल एकच. पुन्हा फळ्यापाशी या. चांगल्या एलईडीतून एका वॅटला सव्वाशे ल्यूमेन मिळतात असे धरले तरी दहा हजारांना ऐंशी वॅट लागतील. नऊ वॅट-तासांचा सेल ऐंशी वॅटने सात मिनिटेही चालणार नाही. आणि चाललाच तर त्या उष्णतेने डबी हातात धरवणार नाही. म्हणजे आकडा खोटा आहे. फटाक्यांच्या खोक्यांवर रंगीत चित्र मोठे आणि आत दारू कमी असावी, त्यातलाच हा प्रकार. फटाका फुसका निघाला तर मुले हसतात. दिवा फुसका निघाला तर माणूस चरात जातो.

हे बदलता येत नाही असे नाही. जर्मनीच्या वाहतूक-नियमांत सायकलच्या दिव्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. समोरच्याला दिपवणारा दिवा तिथे चालत नाही. मिचमिचणाराही चालत नाही. मंजूर दिव्यावर नागमोडी रेघ, 'के' अक्षर आणि क्रमांक असतो. त्याचा झोत मोटारीच्या खालच्या झोतासारखा वरून कापलेला असतो. सगळा उजेड रस्त्यावर, डोळ्यांत काही नाही. २०१३ पर्यंत तिथे बहुतेक सायकलींना डायनामोच पाहिजे असा आग्रह होता. त्या वर्षी बॅटरीच्या दिव्यांनाही परवानगी मिळाली. काळाप्रमाणे नियम बदलला, पण सायकलला दिवा हवा हे सूत्र सोडले नाही. आपल्याला ते जसेच्या तसे उचलायला नको. परंतु परावर्तकांसाठी जर आदेश निघू शकतो, तर त्याच लेखणीने पुढच्या आणि मागच्या दिव्यासाठीही निघू शकेल. शाई काही महाग झालेली नाही.

आणि तो निघेपर्यंत? आपल्या हातात आहे ते करू. ज्यांच्याकडे दिवा आहे त्यांनी तो भिंतीसमोर उभे राहून तपासावा. उजेडाचा ठळक गोळा दिव्याच्या उंचीच्या खालीच पडला पाहिजे. रस्त्यावर तो आठ-दहा मीटरवर यावा. पुढचा दिवा स्थिर असावा. मागे लाल दिवा असावा, कारण पाठीला डोळे नसतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळत आले आहे. फार चांगली योजना. कित्येक मुलींची शाळा त्या दोन चाकांवर तगली आहे. पण कार्तिकात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दहावीचे जादा तास त्यानंतर सुटतात. म्हणून अशा प्रत्येक योजनेत एक ओळ वाढवावी: सायकल दिव्यासह. ज्या यंत्रमागमालकांच्या कारखान्यांतून दिवाळीला बोनसबरोबर मिठाईचे खोके वाटले जाते, त्यांनी एक वर्ष खोक्याऐवजी दिवा वाटून पाहावा. मिठाई भाऊबिजेपर्यंत पुरत नाही. दिवा पुढच्या दिवाळीपर्यंत घरच्या माणसाला घरी आणील.

धनत्रयोदशीला आपण कणकेचा दिवा करतो, त्याची वात दक्षिणेकडे करून तो घराबाहेर ठेवतो. यमाला हात जोडतो, की आमच्या घरात कोणाला अपमृत्यू येऊ देऊ नको. ही रीत मला फार आवडते. माझी आई ती करीत असे, आता माझी पत्नी करते. परंतु यमाची वाट दक्षिणेची असेल नसेल, आमच्या भागात तो पाळी सुटण्याच्या वेळी उसाच्या रस्त्याने येतो, एवढे मी पाहिलेले आहे. तेव्हा भगिनींनो, यंदा तो कणकेचा दिवा जरूर लावा; आणि भाऊबिजेला भाऊ ओवाळणी घालायला बसला, की त्याची सायकल अंगणात कुठे उभी आहे ते जरा जाऊन पाहा. हँडल रिकामे असेल तर यंदा तुम्हीच त्याला ओवाळणी घाला. आणि भाऊरायांनो, बहीण शाळेला किंवा कामाला सायकलने जात असेल तर साडीचा विचार पुढल्या वर्षी करा. दुकानदार म्हणेलच, "दिव्याचे पैसे वेगळे." यंदा ते द्या, पण देताना त्याला विचारा, की का वेगळे? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो ऐकणार नाही. हजारांनी विचारले तर तो कारखान्याला विचारील.